कॅरोलिन हर्शेल: भावाची मदतनीस की खगोलशास्त्रज्ञ?

गोदाकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ९:१२

मंडळी, नमस्कार. लेक आठवीत आहे. २८ तारखेला विज्ञान दिन, शाळेत पाच मिनिटांचं भाषण. तिने स्वतःच्या मनाने कॅरोलिन हर्शेल निवडली. "तीच का गं?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "आई, ती चार फूट तीन इंच होती." माझी लेक वर्गात सगळ्यात बुटकी आहे. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

भाषणाचं पहिलं वाक्य तिने लिहिलं होतं, "कॅरोलिन हर्शेल ही जर्मनीत जन्मलेली खगोलशास्त्रज्ञ होती." कच्चं भाषण शाळेत तपासायला दिलं, तर 'खगोलशास्त्रज्ञ' हा शब्द लाल शाईने खोडून वर लिहून आलं: "युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल यांची बहीण व मदतनीस."

चूक म्हणावी तर चूक नाही. ती बहीण होतीच, मदतही करत होती. पण पोरगी दोन दिवस त्या लाल रेघेकडे बघत बसली आहे. "आई, बरोबर कोणतं?" मला ठामपणे सांगता येईना. इथे आकाशवेडे बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

शेंडेनक्षत्र | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

आठ धूमकेतू! १७८६ ते १७९७ या अकरा वर्षांत. ते 'मदतनीस' म्हणून पदरात पडत नाहीत, रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावावा लागतो. खगोलशास्त्रज्ञच. लेकीला शाबासकी सांगा.

कढीलिंब | १० फेब्रुवारी, रात्री ९:५८

मला फक्त युरेनसवाला हर्शेल ठाऊक होता. कोणी थोडं सविस्तर लिहा ना. वाचतेय.

आरसेवाला | १० फेब्रुवारी, रात्री ११:२०

@कढीलिंब, घ्या.

जन्म १६ मार्च १७५०, हानोफर. वडील आयझॅक लष्करी बँडात ओबो (सनईसारखं वाद्य) वाजवायचे. लहानपणी देवी आल्या, दहाव्या वर्षी टायफस झाला आणि वाढ खुंटली. ही पोर काही उजवली जायची नाही, असं घरात धरूनच चाललेले. वडिलांना तिने शिकावं असं वाटे. आईचं म्हणणं, घरकाम येतं तेवढं पुरे. बावीस वर्षांची होईपर्यंत ती घरातली बिनपगारी मोलकरीण होती. विल्यम तोवर इंग्लंडमध्ये बाथ शहरात संगीतकार म्हणून स्थिरावला होता. तो १७७२ साली तिला न्यायला आला, तेव्हा तिच्या जागी कामाला बाई ठेवायचे पैसे त्याने आईला कबूल केले. त्यानंतर तिची सुटका झाली.

बाथला ती गायिका झाली, हे फार जणांना माहीत नसतं. भाऊ ऑरेटोरिओ (धार्मिक कथांवरची समूहगायनं) बसवायचा आणि ती मुख्य सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका. बर्मिंगहॅमच्या महोत्सवाचं बोलावणं आलं तेही तिने नाकारलं, भावाशिवाय गायचं नाही म्हणून. तोवर भावाला दुर्बिणींचं वेड लागलं होतं. घरभर लेथ, साचे, वाळू.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. मी सहा इंची आरसा हाताने घासला आहे. कार्बोरंडमच्या भरड पुडीपासून सुरुवात करून पॉलिशपर्यंत तीन महिने, शनिवार-रविवार. पॉलिशच्या वेळी पिचचा (डांबरासारख्या पदार्थाचा) थर गार झाला की आकार हातचा जातो, म्हणून मधेच उठवत नाही. विल्यमचे आरसे काचेचे नव्हते, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे होते, पण हट्ट तोच. एकदा तो सलग सोळा तास हात न उचलता घासत होता आणि कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत होती. साच्यासाठी घोड्याची लीद लागायची. ती खलात कुटायची आणि चाळायची, हेही तिच्याकडे. ऑगस्ट १७८१ मध्ये तळघरात तीन फुटी आरशाचं ओतकाम चालू असताना भट्टीतून धातू गळला आणि जमिनीच्या फरश्या तडातड उडाल्या, माणसं पळाली. बाथच्या १९ न्यू किंग स्ट्रीटला आता संग्रहालय आहे. त्या भेगा पडलेल्या फरश्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. खाली बसून हात लावला.

सरळरेघ | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

थोडं वेगळं मत मांडतो. वरच्या प्रतिसादात ती काय काय करते? गाते भावाबरोबर, भरवते भावाला, लीद कुटते भावासाठी. शाळेने 'मदतनीस' लिहिलं यात रागावण्यासारखं काय आहे? आणि हा शब्द तिचाच आहे. तिने आठवणींत लिहून ठेवलंय की भावासाठी मी जे केलं ते एखाद्या नीट शिकवलेल्या कुत्र्याच्या पिल्लानेही केलं असतं, त्याने सांगितलं ते करत गेले. जी बाई स्वतःला असं म्हणते तिला आपण आपल्या काळाच्या हौसेने मोठी पदवी द्यायची, हे मला पटत नाही. मदत करणं हलकं का समजायचं?

कोकणकडा | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:३१

@सरळरेघ, शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकीच्याशी नाही. कामाला बसतोय, संध्याकाळी लिहितो.

पाढेगुरुजी | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

निवृत्त शिक्षक आहे, वय ७४. लाल शाईवाल्यांच्या वतीने प्रथम क्षमा मागतो.

या बाईंविषयी एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. कॅरोलिनला पाढे पाठ नव्हते. पाढ्यांचा कागद त्या जवळ बाळगत. आणि याच बाईंनी हजारो ताऱ्यांच्या जागांची गणितं केली. इंग्लंडचे पहिले शाही ज्योतिर्विद फ्लॅमस्टीड यांची ताऱ्यांची सूची त्या काळी युरोपभर प्रमाण मानत. बाईंनी ती मूळ नोंदींशी ताडून पाहिली, चुका काढल्या, सूचीत घ्यायचेच राहून गेलेले ५६० तारे हुडकले आणि निर्देशसूची केली. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने ती १७९८ साली छापली.

आमच्या पिढीने पावकी, निमकी, अडीचकी घोकली. मीही घोकून घेतली. पण त्या कागदाची गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची दोनचार पोरं मान वर करून बघायची. ती मान वर व्हावी म्हणून सांगायचो.

@सरळरेघ, दुसऱ्याच्या सूचीतल्या चुका काढणं हे सांगकाम्याचं काम नव्हे, एवढंच नोंदवतो.

कढीलिंब | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

गुरुजी __/\__ माझा सतराचा पाढा आजही सतरा पंचे पंच्याऐंशीला थांबतो. आज बरं वाटलं.

रात्रपाळी | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

मी परिचारिका आहे, रात्रपाळी माझी नेहमीची. हा धागा बघून तिच्याबद्दल शोधून वाचलं आणि ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्रीवर अडकले.

ही भावंडं इंग्लंडमधल्या डॅचेट गावी राहत होती तेव्हा. फूटभर बर्फ, आभाळ भरलेलं. दहाच्या सुमाराला थोडे तारे उघडे पडले आणि धावपळ सुरू झाली. दुर्बिणीचं यंत्र सरकवायला ती अंधारात बर्फातून पळाली आणि पडली ती खाटकाच्या दुकानात असतो तसल्या लोखंडी आकड्यावर. तो उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वर रुतला. वरून भाऊ म्हणतोय, घाई कर. ती म्हणाली, मी अडकलेय! कामगारांनी उचललं तेव्हा जवळपास दोन औंस मांस आकड्यालाच राहिलं. दोन औंस म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. जखमा रोज बघते मी, वाचताना तरी पोटात गोळा आला. तिने स्वतःच मलमपट्टी केली. पुढे डॉ. लिंड तिला म्हणाले, सैनिकाला असं झालं असतं तर इस्पितळात सहा आठवड्यांची शुश्रूषा मिळाली असती.

आणि तिचं समाधान काय, तर बाकीची रात्र ढगाळच गेली, त्यामुळे माझ्या अपघाताने भावाचं नुकसान झालं नाही.

@सरळरेघ यांचं कुत्र्याच्या पिल्लाचं वाक्य मी याच्याशेजारी ठेवून वाचलं. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर अशाच बोलतात. रात्रभर चार पेशंट जिवंत ठेवतात आणि सकाळी म्हणतात, मी काय केलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. त्यांच्या त्या वाक्यावरून त्यांचं काम मोजायचं नसतं.

वऱ्हाडीठसका | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

सिस्टर, लय खरं बोलल्या.

कोकणकडा | ११ फेब्रुवारी, रात्री ८:५०

आलो. दोन वेगळ्या कामांची गल्लत होतेय असं वाटतं, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं काम भावाबरोबरचं. वीस फुटी दुर्बीण, विल्यम बाहेर मचाणावर. दुर्बीण ठराविक पट्ट्यात वरखाली हलायची आणि आकाश आपोआप सरकत जायचं. तारा किंवा तेजोमेघ (धूसर ढगासारखी वस्तू) दिसला की तो ओरडून वर्णन सांगणार. कॅरोलिन आत, समोर घड्याळ, सूची आणि दिवा. ती वेळ टिपणार, वर्णन लिहिणार, शेजारी कोणता ज्ञात तारा आहे ते सांगणार. विल्यमला वहीत बघायला यायचं म्हटलं तर उजेडाने डोळ्यांचा अंधार मोडला असता, पुन्हा डोळे तयार व्हायला वेळ गेला असता. म्हणजे ही दोन माणसं मिळून एक निरीक्षक होता. सकाळी ती कच्च्या नोंदींवरून गणित करून पक्की प्रत लिहायची. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसियेच्या यादीत शंभरएक धूसर वस्तू होत्या. या दोघांनी वीस वर्षांत तो आकडा अडीच हजारांवर नेला. आज आपण तेजोमेघ, तारकागुच्छांना जे एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग या सूचीतले) क्रमांक देतो, त्याचं मूळ तिथे आहे.

दुसरं काम तिचं एकटीचं. विल्यमने तिला धूमकेतू शोधायला वेगळी छोटी दुर्बीण करून दिली. तिने आकाश झाडायला घेतलं, तिचा शब्दही तोच, 'झाडणे'. २६ फेब्रुवारी १७८३ ला तिला बृहल्लुब्धकात एक तारकागुच्छ सापडला, मेसियेच्या यादीत नसलेला. आजचा एनजीसी २३६०. त्याच वर्षी शर्मिष्ठेतला एनजीसी ७७८९ आणि शिल्पकार समूहातली एनजीसी २५३ ही दीर्घिका. यादीबाहेरच्या इतक्या वस्तू एवढ्याशा दुर्बिणीतून हिला दिसतात म्हटल्यावर विल्यमने स्वतः मोठी शोधमोहीम हाती घेतली. म्हणजे इथे वाट कोणी कोणाला दाखवली?

आता १ ऑगस्ट १७८६. भाऊ जर्मनीला गेलेला, ती इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या घरी एकटी. त्या दिवशीची नोंद अशी आहे की आज शंभर तेजोमेघांचं गणित केलं आणि संध्याकाळी एक वस्तू दिसली, उद्या रात्री ती धूमकेतू ठरेल असं वाटतं. दुसऱ्या दिवशी दीडशे तेजोमेघांचं गणित. दिवसभर पाऊस. रात्री एक वाजता: कालची वस्तू धूमकेतूच आहे.

दिवसभर भावाचं गणित, रात्री स्वतःचा धूमकेतू. लगेच रॉयल सोसायटीच्या सचिवाला, ब्लॅग्डनला पत्र. ते सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं.

गोदाकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कोकणकडा, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. "पाऊस होता तरी तिने सोडलं नाही" हे तिने वहीत लिहून घेतलं.

धनाची_पेटी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१०

कोणीच पगाराचं बोललं नाही! १७८७ पासून राजा तिसरा जॉर्ज तिला वर्षाला ५० पौंड देऊ लागला. विल्यमला २०० होते. विज्ञानाच्या कामासाठी पगार घेणारी इंग्लंडमधली ती पहिली बाई. पहिल्या तिमाहीचे साडेबारा पौंड हातात आले तेव्हा ती ३७ वर्षांची होती. तिने लिहिलंय की आयुष्यात पहिल्यांदा हे पैसे माझ्या मनाप्रमाणे खर्चायला मी मोकळी आहे असं वाटलं.

माझी आई ३४ वर्षं दुकानाचा गल्ला सांभाळत होती. तिच्या नावाचं खातं मी नोकरीला लागल्यावर उघडलं. पासबुक हातात घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. म्हणून हे साडेबारा पौंड माझ्या लक्षात राहिले.

आणि या पगाराचं महत्त्व पुढच्या वर्षी कळतं. मे १७८८ मध्ये विल्यमने लग्न केलं. घराच्या किल्ल्या वहिनीकडे गेल्या, कॅरोलिन भाड्याच्या खोलीत गेली. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या रोजनिशा तिने स्वतः नष्ट केल्या.

कढीलिंब | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२५

अरेरे. काय लिहिलं असेल त्यात!

धनाची_पेटी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३१

@कढीलिंब, पुढे वहिनीशी आणि भाच्याशी तिचं उत्तम जमलं. रागात लिहिलेलं मागे राहू नये असं वाटलं असेल, असा माझा अंदाज. पण बघा, आठांपैकी सात धूमकेतू याच वेगळ्या राहण्याच्या वर्षांतले आहेत. मधल्या एका धूमकेतूच्या बाबतीत मेसियेने आधी पाहिलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

शेंडेनक्षत्र | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

१७९५ मध्ये तिने पाहिला तो पुढे एंकेचा धूमकेतू ठरला, दर ३.३ वर्षांनी परतणारा. आणि डिसेंबर १७८८ मधला फारच गोड आहे. तो १९३९ साली रिगोलेला पुन्हा दिसला. आवर्तन सुमारे १५५ वर्षांचं. आता त्याचं नाव हर्शेल-रिगोले. पुढची फेरी २०९२. गोदाकाठताईंची लेक तेव्हा ऐंशीच्या घरात असेल, कॅरोलिन तर ९७ वर्षं जगली. लेकीला सांगा, जागा राखून ठेव.

१७९७ चा शेवटचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. पत्र जाईपर्यंत कोणी दुसरा पाहील म्हणून ही तासभर झोपून घोड्यावर बसली आणि ग्रिनिचला शाही ज्योतिर्विद मॅस्केलिनकडे पोचली. वय ४७.

बर्लिनवारी | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण भाषणात हमखास येते. 'धूमकेतू शोधणारी पहिली स्त्री' असं लिहू नका. बर्लिनच्या मारिया किर्शने एप्रिल १७०२ मध्ये धूमकेतू शोधला होता. तो नवऱ्याच्या नावावर गेला. त्याने १७१० साली छापून कबूल केलं की बायकोने आधी पाहिला. तो वारल्यावर तिने बर्लिनच्या अकादमीकडे काम मागितलं, पंचांगं तीच करत होती. लाइब्निझसारखा मोठा गणिती-तत्त्वज्ञ बाजूने असूनही नकार मिळाला. पुढे त्याच जागी तिचा मुलगा लागला आणि ती त्याची मदतनीस. कॅरोलिनचं वेगळेपण हे की तिचे शोध तिच्या नावावर लागले. आणि तिचा भाऊ मधे आला नाही, याचं श्रेय त्याला द्यावं.

सरळरेघ | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१५

@बर्लिनवारी, हे ठाऊक नव्हतं, आभार. @रात्रपाळी, तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. माझी मोठी बहीण वडिलांच्या दवाखान्यात कंपाउंडरचं सगळं बघायची आणि "मी नुसती पुड्या बांधते" म्हणायची. औषध चुकलेलं तिनेच दोनदा पकडलं होतं. कुत्र्याच्या पिल्लाचा मुद्दा मी मागे घेतो. पण 'मदतनीस' हा शब्द पुसून टाकू नये, यावर अजून ठाम आहे. तिला स्वतःला तो भाग अभिमानाचा वाटत होता.

आरसेवाला | १२ फेब्रुवारी, रात्री ९:०५

शेवटचा टप्पा लिहितो, म्हणजे गोष्ट पुरी होईल. ऑगस्ट १८२२ मध्ये विल्यम गेला. ७२ व्या वर्षी ती हानोफरला परतली आणि पस्तावली. समोरच्या घरांच्या उंच छपरांमुळे आकाश दिसत नाही अशी तिची तक्रार. तरी बसून त्या अडीच हजार तेजोमेघांची पट्ट्यांनुसार नवी सूची तिने भाच्यासाठी केली, म्हणजे जॉनला दुर्बीण फिरवताना क्रमाने ते सापडावेत. त्यासाठी १८२८ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक. पुढच्या स्त्रीला ते मिळालं १९९६ मध्ये, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनला. मधली १६८ वर्षं कोणी नाही. १८३५ मध्ये विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिलबरोबर त्याच सोसायटीचं मानद सदस्यत्व, आणि ९६ व्या वर्षी प्रशियाच्या राजाचं सुवर्णपदक.

उंच छपरांची तक्रार वाचली की ठाण्यातली माझी गच्ची आठवते. पूर्वेला तेवीस मजली टॉवर झाल्यापासून मृग थेट डोक्यावरच उगवतो.

लाइनेकाठी | १३ फेब्रुवारी, पहाटे २:३५

हानोफरमध्ये राहतो, मूळचा सांगलीचा. धागा वाचून काल मुद्दाम तिच्या कबरीशी जाऊन आलो. गार्टनफ्रिडहोफ, शहराच्या मधोमध, आता बागेसारखी जागा आहे. थंडी उणे तीन, शिलालेखावर बर्फ होतं, हातमोज्याने झाडून वाचला.

@सरळरेघ, @गोदाकाठ, तुम्हा दोघांसाठी. हा मजकूर तिने स्वतः तयार करून ठेवला होता. सुरुवातीला आहे की या दिवंगत स्त्रीची नजर इथे भूतलावर असताना ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाकडे लागलेली होती. पुढच्या ओळीत त्याचा पुरावा, माझ्या कच्च्या मराठीत: "स्वतःचे धूमकेतूंचे शोध, आणि भाऊ विल्हेल्म हर्शेल याच्या अमर कार्यातला सहभाग."

आधी 'स्वतःचे' आहे. सहभाग नंतर. आणि शब्द 'मदत' नाही, 'सहभाग' आहे.

शवपेटीत विल्यमच्या केसांची एक बट आणि वडिलांचं जुनं पंचांग ठेवायला तिने सांगितलं होतं.

सरळरेघ | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

'सहभाग'. मान्य. मला हवा होता तो शब्द मिळाला.

रात्रपाळी | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

ड्यूटीवरून आत्ता आले आणि हे वाचलं. लाइनेकाठी, एवढ्या थंडीत गेलात, तुमचे खूप आभार.

पाढेगुरुजी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

ताई, लेकीने दोन्ही वाक्यं त्या क्रमाने लिहावीत, आणि शाळेत दाखवताना कबरीवरचा मजकूर सोबत न्यावा. शिक्षकांना राग येणार नाही. आला तर मला सांगा, मी पत्र लिहितो.

कोकणकडा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:००

यंदा २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे, म्हणजे चंद्राची अडचण नाही. आणि तोच दिवस एनजीसी २३६० चा! साधी १०x५० द्विनेत्री पुरेल. दक्षिणेकडे तोंड, व्याध गाठा, तिथून डावीकडे साधारण आठ अंश. ताणलेल्या हाताच्या मुठीपेक्षा थोडं कमी. धुरकट ठिपका दिसेल. फक्त त्र्यंबक रोडला जाऊ नका, त्या दिवशी मुंगीलाही वाट नसते. दिंडोरीच्या बाजूला जा. आणि लेकीला वही द्या, वेळ घालून नोंद करायला सांगा.

गोदाकाठ | २६ फेब्रुवारी, रात्री ११:४८

आत्ता घरी आलो. दिंडोरी रोडला ओळखीच्या एका द्राक्षबागेपाशी गेलो होतो. शाळेने परवाच भाषण परत दिलं. पहिलं वाक्य आता असं आहे: "कॅरोलिन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञेने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि भावाच्या कामात आयुष्यभर सहभाग घेतला." लाल रेघ नाही.

तिच्या वहीतली आजची नोंद जशीच्या तशी उतरवते:

"८:४०. व्याधाच्या डावीकडे. आधी दिसला नाही. नजर थोडी बाजूला केली मग दिसला, फुंकर मारल्यासारखा. आईला दिसला नाही. मला दोनदा दिसला."